शिक्के खरे, पदवी रद्द

३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार अभिमत, म्हणजे ‘डीम्ड’, विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या एकाच निकालात निकामी केल्या. काही कायमच्या, काही परीक्षेच्या अटीवर. न्या. आदर्श कुमार गोयल आणि न्या. उदय लळीत यांचं खंडपीठ होतं. निकालपत्र लळीतांनी लिहिलं. प्रकरणाला नाव मिळालं ते ओडिशाच्या उपसा सिंचन महामंडळाचं, म्हणजे ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनचं. मुद्दा वरकरणी किरकोळ होता. नोकरीत असलेल्या पदविकाधारक अभियंत्यानं दूरशिक्षणानं मिळवलेली बी.टेक. पदवी सेवेसाठी धरायची की नाही? ओडिशा उच्च न्यायालय म्हणालं, धरा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं २०१२ साली अशाच पदव्यांबद्दल नेमकं उलट सांगितलं होतं. एकाच विद्यापीठाचा तोच कागद एका राज्यात चालतो, दुसऱ्यात चालत नाही, अशी अवस्था झाल्यावर प्रकरण दिल्लीला जाणं अटळ होतं.

बोगस पदव्यांची प्रकरणं आपल्याकडे कमी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करत असतो, आणि तरीही दोन खोल्यांत थाटलेल्या ‘विद्यापीठां’ना गिऱ्हाईक मिळतंच. पण त्यातून शिकण्यासारखं फारसं नाही. यादी बघितली की काम झालं. हे प्रकरण वेगळं आहे, कारण इथे काहीच बनावट नव्हतं. विद्यापीठं खरी होती, केंद्र सरकारनं अभिमत दर्जा दिलेली होती. मंजुरीची पत्रं खरी होती, त्यांवरच्या सह्या खऱ्या होत्या. विद्यार्थ्यांनी फी भरली, परीक्षा दिल्या, गुणपत्रिका घेतल्या. कुणी विचारलं असतं की ही पदवी मान्यताप्राप्त आहे का, तर ‘हो’ म्हणणारा खोटं बोलला नसता. एवढं असूनही पदवी गेली. तांत्रिक पदवीची किंमत कशी जोखायची हे समजून घ्यायला इतकं बोलकं प्रकरण मला दुसरं दिसत नाही.

घेणारे कोण होते

दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका, मग पाटबंधारे, बांधकाम किंवा वीज खात्यात कनिष्ठ अभियंता. या वाटेनं आलेल्या माणसाला काही वर्षांतच एक भिंत लागते. पुढच्या पदाचे सेवाप्रवेश नियम पदवीधराला एक वाट देतात आणि पदविकाधारकाला दुसरी, लांबची. ज्येष्ठता यादीत वर असलेल्या माणसाच्या डोक्यावरून दहा वर्षांनी लहान पदवीधर साहेब होऊन येतो. कामाची खरी माहिती कुणाला आहे हे साइटवर सगळ्यांना ठाऊक असतं, पण पदोन्नती समिती साइटवर बसत नाही.

नोकरी सोडून चार वर्षं कॉलेजात बसणं संसारी माणसाला परवडत नाही. बहुतेकांपुढे तेव्हा पर्याय दोनच होते. एक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए.एम.आय.ई., म्हणजे तेव्हा पदवीशी समकक्ष धरली जाणारी परीक्षा, जी दोन विभागांत द्यावी लागते आणि अवघड म्हणूनच प्रसिद्ध आहे. दुसरा, दूरशिक्षणातून बी.टेक. २००१च्या सुमारास हा दुसरा पर्याय जोरात बाजारात आला. जवळच्या शहरात अभ्यास केंद्र, सुट्टीच्या दिवशी वर्ग, घरपोच पुस्तकं, आणि शेवटी एका विद्यापीठाची पदवी. ज्याला गरज होती त्याच्यासमोर गरजेच्या मापाचाच कपडा आला.

या लोकांकडे ‘शॉर्टकट मारणारे’ म्हणून बघणं सोपं आहे, आणि निकालानंतर अनेकांनी तसं बघितलंही. मला ते अर्धवट वाटतं. काहींना नुसता कागद हवा होता यात शंका नाही. पण नोकरी सांभाळून रात्री गणिताचे पेपर सोडवणाराही त्याच यादीत होता, आणि दोघांच्या पदवीवर शिक्का एकच होता. दर्जाची तपासणी जिथे होत नाही तिथे प्रामाणिक विद्यार्थ्याचं नुकसान सर्वांत जास्त होतं, कारण आपण वेगळे आहोत हे दाखवायला त्याच्याकडे काहीही उरत नाही.

चार संस्था

उदयपूरची जनार्दन राय नागर राजस्थान विद्यापीठ ही १९३७ सालची संस्था, अभिमत दर्जा १९८७चा. तिची ओळख समाजकार्य आणि लोकशिक्षण यांसाठी. राजस्थानातल्याच सरदारशहरची दुसरी संस्था शिक्षक घडवणारी. ‘इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीज इन एज्युकेशन’ हे नावच ते सांगतं. तिसरी अलाहाबाद अॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट, १९१०पासून शेतीशिक्षणात असलेली, २००० साली अभिमत झालेली. चौथी तमिळनाडूतल्या सेलमची विनायका मिशन्स रिसर्च फाउंडेशन.

या यादीकडे जरा थांबून बघावं. समाजकार्यासाठी नाव कमावलेल्या आणि शिक्षणशास्त्रासाठी उभारलेल्या संस्था स्थापत्य आणि विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्या देतात, त्याही शेकडो मैल दूरच्या राज्यांत, दुसऱ्याच कुणीतरी चालवलेल्या केंद्रांतून. अभिमत दर्जा संस्थेला मिळतो तो तिच्या एका विशिष्ट कामासाठी. तो घेऊन कुठल्याही विद्याशाखेत, कुठल्याही गावात दुकान मांडता येतं असा अर्थ या संस्थांनी लावला. हा अर्थ बरोबर की चूक, यावरच पुढे न्यायालयात खल झाला. पण प्रवेश घेणाऱ्याला कायदा कळण्याची गरज नव्हती. ‘तुमच्या मूळ आवारात हाच अभ्यासक्रम नियमित वर्गात शिकवला जातो का?’ एवढा प्रश्न विचारला असता तरी बऱ्याच गोष्टी उघड झाल्या असत्या.

कागदांची साखळी

आता मंजुऱ्यांकडे. इथे थोडं बारीक जावं लागेल, कारण घोळ बारकाव्यातच आहे.

दूरशिक्षणावर देखरेख करायला १९९१ साली दूरशिक्षण परिषद, म्हणजे डीईसी, स्थापन झाली. ती होती इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अखत्यारीत. इग्नू स्वतः देशातली सर्वांत मोठी दूरशिक्षण देणारी संस्था, आणि तिच्याच पोटातली परिषद बाकीच्यांना परवाने देणार, ही रचनाच विचित्र होती. २०१३ साली ती बरखास्त होऊन काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेलं.

१ मार्च १९९५ रोजी केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली. विद्यापीठांनी आणि अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या पदव्या केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आपोआप मान्य समजल्या जातील, असं तिनं सांगितलं. अट अशी की त्यांना दूरशिक्षण परिषदेची मंजुरी हवी, आणि ‘जिथे आवश्यक असेल तिथे’ अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईचीही. पुढची पंधरा-वीस वर्षं सगळा वाद या ‘जिथे आवश्यक असेल तिथे’ भोवती फिरला. अभियांत्रिकीला ती आवश्यक आहे की नाही, हे अधिसूचनेनं उघडपणे सांगितलं नव्हतं.

एआयसीटीईचं म्हणणं बदललेलं दिसत नाही: अभियांत्रिकी दूरशिक्षणानं शिकवायला आमची संमती नाही. त्यामागचं कारणही समजण्याजोगं आहे. काँक्रीटचा घन दाबून फोडल्याशिवाय, यंत्रावर हात काळे केल्याशिवाय, सर्किट जळल्याशिवाय अभियंता तयार होत नाही. प्रयोगशाळा पोस्टानं पाठवता येत नाही. विद्यापीठांचं उत्तर २००१ सालच्या भारतीदासन विद्यापीठाच्या निकालावर उभं होतं. त्यात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं होतं की विद्यापीठाला तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही. आणि एआयसीटीईच्या १९८७च्या कायद्यात ‘विद्यापीठ’ या व्याख्येत अभिमत विद्यापीठही येतं. म्हणजे संस्थांच्या वकिलांकडे युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता.

मग आली कार्योत्तर मंजुरी. सरकारी कामकाज माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग नवा नाही: काम आधी करून टाकायचं, फाईल मागाहून रंगवायची. आयोग, एआयसीटीई आणि दूरशिक्षण परिषद यांनी मे २००७मध्ये सामंजस्य करार करून मंजुरीसाठी संयुक्त समिती नेमण्याचं ठरवलं. पण दूरशिक्षण परिषदेनं या संस्थांच्या आधीच्या प्रवेशांना मागील तारखांनी मंजुरी देऊन टाकली. तंत्रशिक्षणाच्या बाबतीत ज्याचा शब्द चालायला हवा त्या एआयसीटीईची संमती त्यात नव्हती. जाहिरातीत मात्र चार शब्द दिमाखात झळकत राहिले: यूजीसी मान्यताप्राप्त, डीईसी मंजूर. सोबत भारतीय विद्यापीठ संघाचं सदस्यत्व. यातला एकही दावा निखालस खोटा नव्हता, आणि त्यातला एकही नेमक्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता.

न्यायालयानं काय धरलं

न्यायालयानं तीन गोष्टी ठरवल्या, माझ्या शब्दांत. भारतीदासनच्या निकालाचा आडोसा या संस्थांना मिळणार नाही. अभिमत विद्यापीठानं तंत्रशिक्षणाचा नवा अभ्यासक्रम सुरू करायचा, तोही दूरशिक्षणानं, तर एआयसीटीईचे नियम त्याला लागू होतात. दूरशिक्षण परिषदेला तंत्रशिक्षणाच्या बाबतीत अशी मंजुरी देण्याचा अधिकारच नव्हता, त्यामुळे कार्योत्तर मंजुऱ्या रद्द. आणि या मंजुऱ्या देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्तनाची सीबीआयनं चौकशी करावी. शिवाय २०१८-१९पासून नियामकांच्या स्पष्ट परवानगीशिवाय अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवू नयेत, आणि अभिमत संस्थांनी आपल्या नावात ‘विद्यापीठ’ लावू नये, असेही आदेश झाले. अनेक नामवंत संस्थांच्या कमानी आणि लेटरहेड त्यानंतर बदलावे लागले, ते यामुळे.

विद्यार्थ्यांचं काय, हा खरा कठीण भाग. न्यायालयानं त्यांचे दोन गट पाडले.

२००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित झाल्या. त्यांच्यासाठी एआयसीटीईनं लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची, जास्तीत जास्त दोन संधी. उत्तीर्ण झाला तर पदवी पुन्हा जिवंत. नापास झाला, किंवा बसलाच नाही, तर पदवी आणि तिच्या आधारे मिळालेली पदोन्नती दोन्ही गेल्या. २००५नंतर प्रवेश घेतलेल्यांना परीक्षेचीही संधी नव्हती. त्यांच्या पदव्या सरळ रद्द. फी मात्र परत मिळणार, संस्थांनी ३१ मे २०१८पर्यंत ती द्यायची. आणि आतापर्यंत मिळालेला वाढीव पगार कुणाकडूनही वसूल करायचा नाही.

२००५ची रेषा हवेतून आलेली नाही. कार्योत्तर मंजुरीचा आधार आधीच्या सत्रांनाच होता. त्यांच्या बाबतीत निदान सरकारी यंत्रणेनंच विद्यार्थ्याची दिशाभूल केली असं म्हणता येत होतं. त्यानंतरच्यांसाठी धोरण आणि इशारे पुरेसे स्पष्ट होते, ज्यांनी प्रवेश घेतला त्यांनी धोका पत्करून घेतला, असा न्यायालयाचा सूर आहे. कायद्याच्या चौकटीत हे सुसंगत आहे. पण २००४ आणि २००६ साली एकाच केंद्रात, त्याच शिक्षकाकडे, त्याच पुस्तकातून शिकलेल्या दोघांपैकी एकाला परीक्षा देऊन वाचता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, हे पटवून घेणं जड जातं. ‘इशारे स्पष्ट होते’ हे दिल्लीत बसून खरं आहे. तालुक्याच्या ठिकाणी जिथे अभ्यास केंद्राची जाहिरात रोजच्या वर्तमानपत्रात येत होती, तिथे नियामकाचा इशारा कोण वाचत होतं? केंद्रं बंद करायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ती चालू दिली. माझ्या मते परीक्षेची संधी दोन्ही गटांना देता आली असती. दर्जाची खात्री तर परीक्षेनंच होणार होती.

परीक्षा

या निकालातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला ही परीक्षा वाटते. न्यायालयानं कागद आणि ज्ञान वेगळे काढले. तुमचा कागद सदोष आहे, पण तुम्हाला विषय येत असेल तर दाखवा, मग कागद आम्ही दुरुस्त करून देतो. पदवीबद्दल इतक्या सरळपणे आपल्याकडे क्वचित बोललं जातं.

प्रत्यक्षात ते कसं होतं, याचा विचार करावा. २००२ साली प्रवेश घेतलेला माणूस तेव्हाच तिशीत होता. २०१८मध्ये तो चाळिशीच्या उत्तरार्धात किंवा पन्नाशीत. दहा वर्षं वरच्या पदावर काम केलेलं, निविदा आणि बिलं यांच्यात गढलेला. त्यानं आता पुन्हा अभियांत्रिकी गणित आणि यंत्रशास्त्र काढून बसायचं, आणि हाताखालच्या लोकांना ते माहीत असणार. शिवाय पदवी निलंबित म्हणजे तोवर पदावनती. यावर अर्ज झाले आणि २२ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयानं थोडी सवलत दिली: २००१ ते २००५च्या गटातल्या जे परीक्षेला बसू इच्छितात, त्यांनी परीक्षेच्या निकालानंतर एक महिन्यापर्यंत किंवा ३१ जुलै २०१८पर्यंत, जे आधी येईल तोवर, पद आणि लाभ सांभाळावेत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात परीक्षा झाली.

रद्द झालेल्यांची पदविका मात्र शाबूत राहिली. हे महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे नोकरी वाचली. गेलं ते पद, आणि ज्येष्ठता यादीतलं स्थान. फीचा परतावा या तोट्याला पुरा पडत नाही. शिक्षणात गेलेली वर्षं आणि हुकलेल्या दुसऱ्या वाटा यांची भरपाई आदेशात नव्हती, आणि खरं तर असूही शकत नव्हती.

त्याच वर्षीचा उलटा निकाल

डिसेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर इग्नूच्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न होता. इग्नूनंही दूरशिक्षणातून बी.टेक. चालवलं होतं. तिथे २०११-१२पर्यंत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या आणि पदविका वैध ठरल्या, आणि एआयसीटीईनं तसं जाहीरही केलं.

शिकवण्याची रीत जवळपास तीच, निकाल उलटा. ‘दूरशिक्षणाची अभियांत्रिकी अवैध’ असं सरसकट वाक्य कुणी ऐकवलं तर म्हणून सावध व्हावं, आणि ‘दूरशिक्षणाची पदवी चालते, माझ्या मेहुण्याची चालली’ या वाक्यानंही तितकंच. मेहुणा इग्नूचा होता की उदयपूरचा, आणि त्यानं प्रवेश कधी घेतला, हे कळल्याशिवाय त्या अनुभवाला किंमत नाही. ए.एम.आय.ई.चंही असंच आहे. ३१ मे २०१३पर्यंत नोंदणी केलेल्यांसाठी तिची पदवीशी समकक्षता कायम राहिली. त्यानंतर नोंदणी करणाऱ्यासाठी तेच प्रमाणपत्र त्या कामाचं उरलं नाही. तिन्ही ठिकाणी सगळं अडकलंय ते नोंदणीच्या तारखेवर. पास झाल्याची तारीख कुणी विचारत नाही.

मान्यता नक्की कशाची

या प्रकरणावरून मागे वळून कुठल्याही तांत्रिक कॉलेजकडे बघितलं की ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाखाली कितीतरी वेगळी कामं लपलेली दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या कलम २२नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो. कॉलेज त्याला संलग्न असतं. हा झाला पदवी कोण देतं याचा प्रश्न. एआयसीटीईची मंजुरी वेगळी: अमुक संस्थेत, अमुक शाखा, इतक्या जागा, या शैक्षणिक वर्षासाठी. ती मुदतवाढीच्या पत्रानं पुढे चालते, आणि त्या पत्रात शाखांची नावं छापलेली असतात. तुमच्या शाखेचं नाव त्यात नसेल तर कॉलेजच्या बाकी मंजुऱ्यांचा तुम्हाला उपयोग नाही.

या दोन्ही गोष्टी पदवीला कायदेशीर करतात. चांगली करत नाहीत. इतक्या खोल्या, इतकी यंत्रं, इतके शिक्षक असा किमान उंबरठा त्या ठरवतात. दर्जाकडे बघायचं काम मानांकनाचं, आणि इथे कॉलेजांची माहितीपत्रकं सर्वांत जास्त गोंधळ घालतात.

मानांकन देणाऱ्या नॅक आणि एनबीए या दोन्ही संस्था १९९४ साली सुरू झाल्या. नॅक संपूर्ण संस्थेला श्रेणी देते: ग्रंथालय, कारभार, संशोधन, सगळं धरून. एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळ, एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देतं, आणि तेही ठरावीक वर्षांसाठी. त्यामुळे ‘आमच्या कॉलेजला एनबीए आहे’ हे वाक्य मुळातच अपुरं आहे. यंत्र अभियांत्रिकीला असेल, संगणकाला संपलं असेल. शिवाय एनबीएकडे जायला त्या अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स अशा नावांच्या नव्या कोऱ्या शाखा, ज्यांच्यासाठी सर्वाधिक रांग लागते, त्या बऱ्याच ठिकाणी मानांकनाच्या पात्रतेलाच पोहोचलेल्या नसतात. कॉलेजच्या दारावरचं बोधचिन्ह शेजारच्या विभागाचं असतं.

परदेशी जायचं असेल तर आणखी एक चाळणी लागते. १३ जून २०१४ रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा कायमचा सदस्य झाला, आणि सदस्य देश एकमेकांच्या मानांकित अभियांत्रिकी पदव्या तुल्य धरतात. पण आपल्याकडे तो लाभ एनबीएच्या पहिल्या स्तरातल्या, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या मानांकित अभ्यासक्रमांनाच आहे. संलग्न कॉलेजला दुसऱ्या स्तराचं मानांकन असेल तर ते भारतात चांगलं, पण त्या करारात धरलं जात नाही. हे माहितीपत्रकात सहसा लिहिलेलं नसतं.

मानांकन म्हणजे अंतिम सत्य, असंही नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयनं अटक केली. तेव्हा श्रेणी बघावी, पण त्या विभागातल्या प्रयोगशाळेत जाऊन यंत्रं धूळ खात पडलीत की वापरात आहेत हेही बघावं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आजचा कनिष्ठ अभियंता

पदविका घेऊन नोकरीला लागलेल्या माणसासमोरची ती भिंत अजून तिथेच आहे. दूरशिक्षणाचा रस्ता मात्र बंद झालेला आहे: मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या आयोगाच्या नियमांनुसार अभियांत्रिकीची पदवी या पद्धतीनं देता येत नाही. ‘नोकरी करता करता घरबसल्या बी.टेक.’ असं सांगणारा कुणी भेटला तर पुढचं बोलणंच नको. ‘एका वर्षात चार वर्षांची पदवी, मागच्या वर्षाच्या तारखेसह’ असं म्हणणाऱ्याची तर पोलिसांत तक्रार करावी.

त्याऐवजी एआयसीटीईनं २०२३-२४पासून नोकरदारांसाठी वेगळी सोय केली. मान्यताप्राप्त कॉलेजातच, सोयीच्या वेळी वर्ग. उमेदवाराला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव हवा, आणि कॉलेज कामाच्या ठिकाणापासून ठरावीक अंतराच्या आत असावं. पदविकाधारक थेट दुसऱ्या वर्षात येतो. वर्गात बसावं लागतं, प्रात्यक्षिकं करावी लागतात, म्हणून ही वाट दमवणारी आहे. पण २०१७ साली जी गोष्ट नव्हती म्हणून पदव्या गेल्या, ती इथे आहे.

तरीही प्रवेशापूर्वी एक काम करावं, आणि ते कॉलेजच्या कचेरीत होत नाही. आपल्या आस्थापना शाखेला लेखी अर्ज द्यावा: अमुक विद्यापीठाची, अमुक कॉलेजातली, अमुक शाखेची, या पद्धतीनं घेतलेली पदवी माझ्या पुढच्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांत धरली जाईल का, आणि नोकरीत असताना शिकायला परवानगी मिळेल का. सोबत त्या वर्षाच्या एआयसीटीई पत्राची प्रत जोडावी. उत्तराला वेळ लागेल, कदाचित दोनदा स्मरणपत्र द्यावं लागेल, आणि साहेब म्हणतील, ‘अहो, घ्या ना प्रवेश, काही होत नाही.’ तोंडी ‘काही होत नाही’ फाईलला लावता येत नाही. जावक क्रमांक असलेलं उत्तर हातात पडेपर्यंत पहिली फी भरू नये.